सर्व्हर प्रोसेसरच्या स्पर्धेत मुलीने उतरावे का?

प्रश्न : माझे शिवाजी उद्यमनगरात मशीनशॉप आहे. मुलगी कोल्हापुरातच इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. सर्व्हरचे, म्हणजे इंटरनेटवरच्या सेवा चालवणाऱ्या मोठ्या संगणकांचे, प्रोसेसर डिझाइन करण्याचे तिने मनावर घेतले आहे. इंटेलने हजारो माणसे कमी केल्याचे मी वाचले आणि या क्षेत्रातल्या कंपन्या एकमेकींना टिकू देत नाहीत असे दिसते. तिला तिकडे जाऊ द्यावे, की कॉम्प्युटर शाखेकडे वळवावे? आणि जाऊ द्यायचेच, तर कोणती कंपनी टिकेल?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. कोणती कंपनी टिकेल याचा अंदाज बांधून मुलीची दिशा ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २००३ मध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने ऑप्टेरॉन हा ६४ बिटांचा सर्व्हर प्रोसेसर आणला, तेव्हा इंटेलची भिस्त इटॅनियम या वेगळ्याच रचनेवर होती. पण जुने सॉफ्टवेअरही चालवणारी एएमडीची वाट ग्राहकांना पसंत पडली आणि पुढच्याच वर्षी इंटेलला ती आपल्या झिऑन प्रोसेसरमध्ये स्वीकारावी लागली. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत एएमडी इतकी मागे पडली की सर्व्हरच्या बाजारातून ती जवळजवळ हद्दपार झाली. २०१७ मध्ये ती ३२ कोअरचा, म्हणजे गणना करणाऱ्या ३२ गाभ्यांचा, एपिक हा प्रोसेसर घेऊन परतली आणि २०२४ पर्यंत त्याच मालिकेत १९२ कोअरपर्यंत पोहोचली. आपल्या मुलीला तीस-पस्तीस वर्षे काम करायचे आहे, आणि येथे तर पंधरा वर्षांच्या आत पारडे दोनदा फिरले.

ते का फिरले, हे आपल्याइतके लवकर क्वचितच कोणा पालकांना समजेल. शिरोलीच्या फाउंड्रीत दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून कास्टिंग काढतात, तशीच चिपच्या धंद्यातही फाउंड्री असते. एएमडीने २००९ मध्ये आपले कारखाने वेगळे केले आणि आज तिचे सर्व्हर प्रोसेसर तैवानची टीएसएमसी ही कंपनी बनवते. इंटेल मात्र ड्रॉइंग आणि ओतकाम दोन्ही स्वतःच्या घरात ठेवत आली. चिप अधिक बारीक कोरण्याची तिची १० नॅनोमीटर नावाची प्रक्रिया रखडली तेव्हा नव्या रचनाही तिच्यामागे अडकून राहिल्या, आणि त्या प्रक्रियेवरचा मुख्य झिऑन थेट २०२१ मध्ये बाजारात आला. दुसरे कारण आपल्या रोजच्या कामातले आहे. मोठ्या कास्टिंगमध्ये एक ब्लोहोल (हवेची पोकळी) निघाला की सगळा नग रिजेक्ट होतो, आणि चिप जितकी मोठी तितकी तिच्यात दोष सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून २०१९ च्या एपिकमध्ये एएमडीने गणना करणारे आठपर्यंत छोटे तुकडे ७ नॅनोमीटरवर वेगळे बनवून घेतले आणि ते जुन्या, स्वस्त प्रक्रियेवरच्या एका मधल्या तुकड्याभोवती जोडले. या तुकड्यांना चिपलेट म्हणतात. आज इंटेलचे मोठे सर्व्हर प्रोसेसरही असेच तुकडे जोडून तयार होतात.

या झुंजीत आता गिऱ्हाईकच कारागीर झाले आहे, ही मला सर्वांत महत्त्वाची घडामोड वाटते. ॲमेझॉनने २०१५ मध्ये अन्नपूर्णा लॅब्ज ही चिप डिझाइन करणारी कंपनी विकत घेतली आणि २०१८ मध्ये ग्रॅव्हिटॉन हा स्वतःचा प्रोसेसर आणला. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये कोबाल्ट आणि गुगलने २०२४ मध्ये ॲक्सिऑन जाहीर केला. तिन्ही कमी विजेसाठी ओळखल्या जाणाऱ्या आर्म कंपनीच्या रचनेवर उभे आहेत, कारण लाखो सर्व्हर चालवणाऱ्याला खरेदीच्या किमतीइतकीच विजेची आणि थंड ठेवण्याच्या खर्चाची चिंता असते. या वाटेवर सगळेच टिकले असे नाही. क्वालकॉमने २०१७ च्या अखेरीस सर्व्हर प्रोसेसर आणला आणि पुढच्या वर्षी तो प्रयत्न गुंडाळला. इंटेलनेही २०२४ मध्ये सुमारे १५,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले होते, म्हणजे आपली भीती निराधार नाही. परंतु जे काम पूर्वी दोन-तीन दारांतच मागितले जाई, ते आता अनेक दारांत मागितले जाते, आणि एका दारातून बाहेर पडलेल्या जाणकाराला दुसऱ्या दारात तेच काम करता येते.

ते काम कोणते, तर पडताळणी, म्हणजे चिप बनवण्याआधी तिच्या रचनेतल्या चुका शोधणे. डिझाइनच्या मानाने हा शब्द कमी आकर्षक वाटतो, म्हणून विद्यार्थी त्याकडे पाहत नाहीत, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते. प्रोसेसरच्या चमूचा फार मोठा वेळ यातच जातो, कारण येथे तपासणी ओतकामाच्या आधी करावी लागते. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकाराची एक चूक राहून गेली आणि ती निस्तरताना कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. अशा चुका आधीच पकडणारी माणसे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला लागतात, म्हणून मुलीने पहिली पायरी म्हणून पडताळणीच धरावी.

त्यासाठी शाखा बदलण्याची गरज नाही. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाची अंतर्गत रचना हे विषय तिने परीक्षेपलीकडे जाऊन करावेत, सी प्लस प्लस आणि पायथन शिकावे, मग चिपची रचना लिहिण्याची व्हेरिलॉग ही भाषा आणि त्यानंतर पडताळणीला उपयोगी पडणाऱ्या सिस्टिम व्हेरिलॉगकडे वळावे. २०१० मध्ये बर्कली विद्यापीठात सुरू झालेली रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरला समजणाऱ्या मूलभूत आज्ञांची रचना कोणालाही परवाना शुल्क न देता वापरता येते. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर तिच्यावरच बेतलेले आहेत. आयकेरस व्हेरिलॉग आणि व्हेरिलेटर ही सिम्युलेशनची, म्हणजे लिहिलेली रचना संगणकावर चालवून पाहण्याची, साधने मोफत आहेत, आणि आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमातले अभ्यासक्रमही घरबसल्या पाहता येतात. एवढे होण्याआधी कोणत्याही खासगी क्लासला लाखभर रुपये देऊ नयेत.

एक गोष्ट आपल्यापासून लपवणे योग्य नाही. हे काम आज कोल्हापुरात मिळणार नाही. त्यासाठी मुख्यतः बंगळुरू किंवा हैदराबाद गाठावे लागेल. या कंपन्या थेट तिच्या महाविद्यालयात येतील या भरवशावर बसण्यापेक्षा एम.टेक. प्रवेशाची गेट परीक्षा देऊन व्हीएलएसआयमधील (चिप डिझाइनमधील) एम.टेक. करणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. त्यात आणखी दोन वर्षे जातील, मात्र गेटमार्फत प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळते.

येत्या सुटीत तिला रिस्क-फाइव्हचा एक लहानसा प्रोसेसर व्हेरिलॉगमध्ये लिहू द्यावा, आणि नंतर एखाद्या मैत्रिणीने लिहिलेल्या प्रोसेसरमधल्या चुका शोधायला बसवावे. दुसऱ्या कामात ती जेवणाची वेळ विसरली, तर तिसऱ्या वर्षातच गेटचा अर्ज भरावा. एका तासात कंटाळली, तर मला पुन्हा लिहावे. तेव्हा सॉफ्टवेअरचा विचार करू.