फसलेल्या फांद्याही राहू देत

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. डेटा आहे, कोड आहे, तरी गेल्या सत्रात काढलेली आकृती आज तशीच निघत नाही, असं तू लिहिलंस आणि शेवटी विचारलंस, ‘कोणतं वर्कफ्लो सॉफ्टवेअर (डेटावरच्या कामाचे टप्पे ओळीने जोडून चालवणारं) घेऊ?’ नावं पुढे देतोच. पण आधी नक्की काय हरवलंय ते बघ. कोणत्या फाइलवर, कोणते आकडे भरून, कोणत्या क्रमाने तो कोड चालवला गेला, ते हरवलंय. काय करायचं ठरलं होतं ही एक नोंद आणि प्रत्यक्षात काय झालं ही दुसरी. पहिली बहुतेक जण जपतात. दुसरी ठेवायला माणसाची शिस्त पुरत नाही; घाईच्या दिवशी ती हमखास सुटते. ती सॉफ्टवेअरनेच, आपल्याला न विचारता, ठेवायला हवी.

हे काम मला सगळ्यात नेटकं दिसलं ते व्हिसट्रेल्स या वर्कफ्लो सॉफ्टवेअरमध्ये. ज्युलियाना फ्रेरे आणि क्लाउडिओ सिल्वा यांच्या पुढाकाराने यूटा विद्यापीठात २००५ च्या सुमारास ते आकाराला आलं. पायथनमध्ये लिहिलेलं, मुक्त स्रोत. आता त्याचा विकास थांबलाय, त्यामुळे नवं काम त्यावर उभं कर असं मी म्हणणार नाही. त्यामागची कल्पना मात्र नीट समजून घे.

समज, डोक्याच्या सीटी स्कॅनमधून पृष्ठभाग काढायचाय. व्हीटीके या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीच्या नेहमीच्या उदाहरणात पातळी, म्हणजे स्कॅनमधल्या ज्या आकड्यावर पृष्ठभाग काढायचा तो आकडा, ५०० ठेवली की त्वचा दिसते, ११५० ठेवली की हाडं. तू ५०० भरून पाहिलंस, मग ११५०, मग रंग बदललास. ते पटलं नाही म्हणून मागे जाऊन डेटा गुळगुळीत करणारा एक टप्पा मध्ये घातलास. एरवी असं मागे जाऊन नवं काही केलं की आधीचं पुसलं जातं. व्हिसट्रेल्समध्ये तिथे नवी फांदी फुटते आणि जुनी जागच्या जागी राहते. दरवेळी अख्ख्या वर्कफ्लोची प्रत ते ठेवत नाही. मॉड्यूल (म्हणजे एक टप्पा) घातलं, जोडणी काढली, आकडा बदलला, अशा कृती तेवढ्या नोंदवतं. या फांद्यांच्या झाडाच्या मुळापासून त्या ओळीने लावल्या की हवी ती आवृत्ती पुन्हा उभी राहते. झाडावरच्या दोन आवृत्त्या निवडल्या की त्यांच्यातला फरक चित्ररूपात समोर येतो, आणि तो फरक उचलून तिसऱ्याच वर्कफ्लोला लावायचीही सोय आहे. एकाच पातळीचे वेगवेगळे आकडे देऊन निघालेली चित्रं तक्त्यात शेजारी-शेजारी मांडता येतात, ते तर फारच उपयोगी.

फसलेल्या फांद्या कशाला ठेवायच्या, असं वाटेल. परीक्षक विचारतील, ‘११५० च का? ९०० का नाही?’ ९०० वर काय बिघडलं होतं, ते त्या टाकून दिलेल्या फांदीवरच दिसतं. ती गेली की आपल्या हातात फक्त ‘हे बरं दिसलं’ एवढंच उरतं.

आता आजची साधनं. २०१२ मध्ये आलेलं स्नेकमेक आणि २०१३ चं नेक्स्टफ्लो ही दोन्ही कोड लिहून वापरायची वर्कफ्लो साधनं चांगली आहेत. कोड लिहायचा नसेल तर गॅलक्सी ब्राउझरमध्येच चालतं. पण ही साधनं वाट ठरल्यानंतरची आहेत, चाचपडण्याच्या काळातली नव्हेत. नेक्स्टफ्लो घेतलंस तर एकदा त्याचा ‘वर्क’ फोल्डर उघडून बघ. प्रत्येक कामाला स्वतंत्र फोल्डर असतो आणि त्यातल्या एका लपलेल्या फाइलमध्ये चाललेली आज्ञा जशीच्या तशी सापडते. डिस्क भरली म्हणून लोक हाच फोल्डर आधी उडवतात. तसं करू नकोस. निदान त्याआधी त्या छोट्या फाइल्स बाजूला काढून ठेव.

चाचपडण्यासाठी ज्युपिटर नोटबुक वापरलंस तरी हरकत नाही. तिथला धोका क्रमाचा आहे. सेल, म्हणजे कोडचे तुकडे, वर-खाली कसेही चालवता येतात, आणि समोर दिसणारं उत्तर पुसून टाकलेल्या ओळीतून आलेलं असू शकतं. म्हणून आकृती जपून ठेवण्याआधी कर्नल (मागे कोड चालवणारा प्रोग्राम) नव्याने सुरू करून सगळं वरपासून चालव. तरीही तीच आकृती आली तरच ती ठेव. आणि प्रत्येक टप्प्यावर गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात कमिट कर, म्हणजे त्या क्षणाची नोंद ठेव, फसलेल्या प्रयत्नांसकट.

आणखी एक. पुष्कळदा नोंदीत फाइलचं नाव आणि पत्ता असतो, आतला मजकूर नव्हे. त्याच नावाची फाइल कुणी नव्याने टाकली की नोंद दिसायला खरी राहते, पण डेटा बदललेला असतो. इनपुट फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा ठसा, काढून सोबत ठेव. लायब्ररींच्या आवृत्त्या आणि यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्या आकड्यापासून ते आकडे सुरू होतात तो) हेही तिथेच लिही. तुझ्या पत्रावरून मला या शेवटच्या दोघांचाच संशय येतो.

एक गोष्ट मात्र कोणतंही सॉफ्टवेअर तुझ्यासाठी लिहिणार नाही: हा बदल का केला. त्यासाठी कमिटच्या संदेशात एक ओळ पुरे. ‘९०० वर हाडांसोबत नको असलेला भागही येतो’ असं लिही. ‘बदल केले’ असं लिहू नकोस.

हरवलेल्या आकृतीचं म्हणशील तर आवृत्त्या आणि बीज तपासून दोन दिवस प्रयत्न कर. नाहीच जुळली तर जुनीसारखी दिसेपर्यंत आकडे फिरवत बसू नकोस. स्वच्छ वर्कफ्लोतून नवी काढ, दोन्ही शेजारी ठेव आणि फरक कुठे आहे ते मार्गदर्शकांना दाखव. प्रबंधात नवीच जाऊ दे.