अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचे निर्बंध का सैल करत आहेत? त्याने गुन्हे वाढणार नाहीत का?

निर्बंध सैल झाले ते पैशापुरते. नोंदणी अजून तशीच आहे आणि खरं भांडण तिच्यावरच चाललंय.

आधी सिनेमातला तो ‘फुस्स’ आवाज डोक्यातून काढून टाका. मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे बंदूक नाही, पण शिकारीला जाणारे सहकारी इथे असतातच, आणि त्यांच्यातल्या एकाबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन सायलेन्सर लावलेली रायफल ऐकली आहे. चांगली दणकून वाजते. एआर-15 जातीच्या रायफलचा बार साधारण 165 डेसिबलचा असतो. सायलेन्सर त्यातले 20 ते 35 डेसिबल खातो, म्हणजे उरतात ते 130च्या पुढेच. नळीतून सुटणारा तापलेला वायू आतल्या कप्प्यांतून वळसे घेत, निवत बाहेर पडतो. मोटारसायकलच्या सायलेन्सरमध्येही तेच होतं. (1909 मध्ये याचं पेटंट घेणाऱ्या हायरम पर्सी मॅक्सिमने ही युक्ती इंजिनांसाठीही वापरली. मशीनगनवाला मॅक्सिम तो याचा बाप.) गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर तिचा स्वतःचा कडाका होतोच, त्यापुढे सायलेन्सरचं काही चालत नाही.

तेव्हा कानांचा मुद्दा खोटा नाही. 140 डेसिबलच्या पुढचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो. शिकारी इअरमफ घालून बसला तर त्याला जनावराची चाहूल लागत नाही, म्हणून बरेच जण घालतच नाहीत. फिनलंड, नॉर्वेत शिकारी सर्रास सायलेन्सर लावतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण तिथे बंदूक मिळवणंच सोपं नाही, हे इथले समर्थक सोयीस्कर विसरतात.

अमेरिकेत हे सगळं 1934च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टपासून सुरू होतं. टोळीयुद्धांचा काळ होता. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि त्यांच्याबरोबर सायलेन्सर, सगळ्यांवर 200 डॉलर कर बसवला. आजच्या हिशेबाने चार हजार डॉलरच्या वर. बंदी घातली नाही, पण सामान्य माणसाने नाद सोडावा एवढी रक्कम लावली. ती पुढे कधीच वाढवली नाही, त्यामुळे कर नाममात्र झाला आणि त्रास उरला तो कागदांचा: फॉर्म, बोटांचे ठसे, फोटो, एटीएफ या केंद्रीय खात्याची मंजुरी. पूर्वी यात महिनेच्या महिने जायचे. 42 राज्यांत असा सायलेन्सर कायदेशीर आहे. आपली मंडळी जिथे खच्चून भरली आहेत त्या न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात मात्र तो मिळतच नाही.

हा कागदांचा फेरा काढून टाकायचं विधेयक 2017 मध्ये जोरात होतं. 14 जूनला त्यावर सुनावणी होती. त्याच सकाळी खासदार स्टीव्ह स्कॅलिस यांच्यावर गोळीबार झाला आणि सुनावणी पुढे गेली. मग 1 ऑक्टोबरला लास वेगासचं हत्याकांड झालं, विधेयक बासनात गेलं. दोन्हीकडे सायलेन्सर नव्हता. 2019 मध्ये व्हर्जिनिया बीचच्या सरकारी इमारतीत 12 जणांना मारणाऱ्याकडे मात्र होता, तोही रीतसर विकत घेतलेला. तेव्हा ट्रम्प म्हणाले होते की मला हे सायलेन्सर अजिबात आवडत नाहीत. 4 जुलै 2025ला त्यांनीच सही केलेल्या मोठ्या अर्थविधेयकाने सायलेन्सरवरचा कर 1 जानेवारी 2026पासून शून्यावर आणला. प्रतिनिधीगृहाने नोंदणीही उडवली होती, पण सिनेटच्या नियम-अधिकाऱ्यांनी सांगितलं की अर्थविधेयकात हे बसत नाही. म्हणून कर गेला, नोंदणीची वही राहिली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एटीएफच्याच एका बड्या अधिकाऱ्याने 2017 मध्ये लिहिलं होतं की गुन्ह्यांत सायलेन्सर क्वचितच सापडतो. समर्थक म्हणतात, मग नोंदणी कशाला? मला यातून उलटंच दिसतं. ज्याच्या बोटांचे ठसे सरकारकडे आहेत तो माणूस ती वस्तू घेऊन दरोडा घालायला जात नाही. वही फाडल्यावरही आकडा तेवढाच राहील, असं छातीठोकपणे कोण सांगणार? डिसेंबर 2024 मध्ये मॅनहॅटनच्या फुटपाथवर एका विमा कंपनीच्या प्रमुखाला मारलं, तेव्हाही पिस्तुलावर सायलेन्सर होता. कर रद्द केला ते ठीकच झालं, नोंदणी ठेवा, असं माझं मत. रेंजवरच्या सहकाऱ्याला ते पटत नाही. त्याच्या मते यादी आहे म्हणजे उद्या जप्तीही आहे.

आणि तो वाद कोर्टात पोचलाय. 1937 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा उचलून धरला तो ‘हा कर आहे आणि कर लावायचा अधिकार काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला) आहे’ म्हणून. आता करच शून्य, तर नोंदणी कशाच्या जोरावर, असं विचारणारे दावे दाखल झालेत. मुद्दा तगडा आहे, हे मला मान्य करावं लागतं.

भारतापुरतं बोलायचं तर 1959च्या शस्त्र कायद्यात आवाज किंवा ज्वाळ कमी करणारं साधन ‘बंदुकी’च्या व्याख्येतच धरलंय. नुसती नळी आहे, बंदूक कुठाय, हा बचाव चालणार नाही. तेव्हा इथून कोणाच्या बॅगेतून मागवायचा विचार असेल तर सोडून द्या.