वेळ कधीच पुरत नाही असं वाटतं. जुन्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांपैकी कोणाला वाचावं?

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचा आयुष्याच्या तोकडेपणावरचा निबंध आधी वाचा. जेमतेम 20 छोटी प्रकरणं आहेत. रोमच्या धान्यपुरवठ्याचा कारभार पाहणाऱ्या पॉलिनसला उद्देशून तो लिहिलाय, म्हणजे समोरचा माणूस कामात पुरता बुडालेला. तिसरं प्रकरण सावकाश वाचा. पन्नाशीला काम कमी करू, साठीला मोकळे होऊ, असं म्हणणाऱ्याला सेनेका विचारतो, तेवढं जगण्याची हमी कोणी दिली? जमिनीच्या हद्दीच्या वादात मारायला दगड उचलणारी माणसं स्वतःचा वेळ मात्र कुणालाही देऊन टाकतात, हे त्याचं म्हणणं मला अजून बोचतं. फक्त एक ध्यानात ठेवा: सेनेका रोमन सम्राट नीरोचा शिक्षक होता आणि गडगंज श्रीमंतही. पॉलिनसला तो पद सोडून तत्त्वचिंतनाकडे वळायला सांगतो. घराचे हप्ते चालू असतील तर तेवढा सल्ला बाजूला ठेवा.