डिसेंबरातलं चेन्नई: एक सभा धरा आणि दिवसभर तिथेच मुक्काम ठोका

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस चेन्नई, बरोबर सत्तरीतल्या, गुडघे धरलेल्या आई आणि तबला शिकणारी दहा वर्षांची लेक. पावसाचा भरवसा नाही म्हणून मरीना आणि महाबलीपुरम यादीतून काढलंत. आता छपराखाली बसून करण्यासारखं काय आहे? इतरांनी तुम्हाला मॉल सुचवलेत. मॉलच बघायचे तर ठाण्यातले काय वाईट आहेत?

अहो, तुम्ही ज्या दिवसांत जाताय त्या दिवसांत ते अख्खं शहर छपराखालीच बसलेलं असतं. साधारण 15 डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे मार्गळी महिना. या महिन्यात तमिळ लोक लग्नं काढत नाहीत, गाणं ऐकतात, तेही मुख्यतः कर्नाटक संगीत, म्हणजे दक्षिणेतलं शास्त्रीय गाणं. सकाळपासून रात्रीपर्यंत, मैलापूर, आळ्वारपेट, टी. नगर या भागांतल्या वीस-पंचवीस तरी सभागृहांत एकाच वेळी काही ना काही चालू असतं. तिथे या सगळ्याला नुसतं ‘सीझन’ म्हणतात. 1927 साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली, तिच्यातून 1928 मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली, आणि अकॅडमीची वार्षिक परिषद डिसेंबरात भरू लागल्यावर हळूहळू बाकीच्या सभांनीही तोच महिना धरला. (सभा म्हणजे इथे गाण्याचे कार्यक्रम करणारी संस्था. पार्थसारथी स्वामी सभा तर 1900 सालची आहे.)

नवखे लोक काय करतात, ते सांगतो. कार्यक्रमांची यादी बघून मोठमोठी नावं खुणावून ठेवतात आणि मग चार वाजता टी. नगर, सात वाजता मैलापूर अशी धावपळ करतात. त्यात मेट्रोच्या खोदकामानं रस्ते अडलेले. तासभर रिक्षात जातो, पोचेपर्यंत मुख्य राग होऊन गेलेला असतो. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता तुम्ही हे अजिबात करू नका. माझं म्हणणं एवढंच, की रोज एक सभा निवडा आणि सकाळी गेलात की रात्रीच बाहेर पडा. तिथे गाणं आहे, जेवण आहे, बसायला खुर्ची आहे, स्वच्छतागृह आहे आणि वर थंडगार एसी. आणखी काय पाहिजे?

म्युझिक अकॅडमीचाच दिवस घ्या. सकाळी आठच्या सुमारास व्याख्यान-प्रात्यक्षिक असतं. कुणीतरी जुन्या पोथीतला एखादा राग उकलून दाखवतो, कुणी एखाद्या तालाच्या हिशेबावर बोलतो, आणि पुढच्या रांगेतले पांढऱ्या केसांचे विद्वान त्याला प्रश्न विचारून हैराण करतात. व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. लेक कंटाळेल असं वाटत असेल तर एखादाच दिवस न्या, पण एक दिवस न्याच. दुपारच्या वेळा तरुण कलाकारांना दिलेल्या असतात आणि त्या कार्यक्रमांना बहुतेक सभांत तिकीट नसतं. माझ्या मते सीझनचा खरा मेवा हाच. विशी-पंचविशीतली पोरं जिवाच्या आकांतानं गातात, कारण दुपारी बरं गायलं तर काही वर्षांनी संध्याकाळची वेळ मिळण्याची आशा असते. श्रोते कमी, त्यामुळे हवी ती खुर्ची मिळते. लेकीला मृदंगाच्या बाजूला, पुढे बसवता येतं. संध्याकाळी चार आणि सातच्या सुमाराच्या कचेऱ्या (मैफलींना तिथे कचेरी म्हणतात) तिकिटाच्या. सातची वेळ म्हणजे नामवंत. चारची म्हणजे जे लवकरच नामवंत होतील ते, आणि मला विचाराल तर पैसे चारच्यावर घाला.

आता कँटीन. याच्यावर वेगळं लिहायला हवं इतका हा विषय मोठा आहे. प्रत्येक सभेच्या आवारात सीझनपुरता मांडव पडतो आणि नावाजलेले आचारी तिथे चूल मांडतात. कुठल्या सभेत यंदा कोण आचारी आहे, याची चर्चा कुठला गायक कसा गायला याच्या इतकीच गंभीरपणे होते. तिकीट नसलं तरी जेवायला आत जाता येतं. नुसते जेवायला येणारे लोक पुष्कळ असतात आणि त्यांना त्याची लाज नसते. दुपारी केळीच्या पानावर पूर्ण जेवण, संध्याकाळी टिफिन, म्हणजे नाश्त्याचे पदार्थ. अडै-अवियल (डाळ-तांदळाचा जाड डोसा आणि नारळातली मिश्र भाजी) मिळाला तर सोडू नका, किरै वडै (पालेभाजी घातलेला वडा) गरम असतानाच खा, आणि अक्कारवडिसल नावाचा तांदूळ, दूध, गूळ आणि तुपाचा जो प्रकार असतो तो आईंना पथ्य नसेल तर जरूर द्या. दुपारी साडेबारानंतर रांग लागते, म्हणून थोडं आधी जा. फिल्टर कॉफी साखर न घालता हवी असेल तर आधीच सांगावं लागतं.

ऐकायचं कसं, याची भीती बाळगू नका. आपल्या कानांना सुरुवातीला ते घाईचं वाटतं. विलंबित ख्यालासारखा एकेक स्वर लावत बसणं तिथे नाही. कार्यक्रम वर्णम नावाच्या सुरुवातीच्या बंदिशीनं सुरू होतो, मग तीन-चार कृती (म्हणजे बांधलेल्या रचना), मग एका रागाचा मोठा आलाप आणि त्यातली मुख्य कृती, मग तालवाद्यांचं स्वतंत्र वादन, आणि शेवटी हलकीफुलकी पदं. हा साचा गेल्या शतकातले गायक अरियक्कुडी रामानुज अय्यंगार यांनी रुळवला असं मानतात. दोन-अडीच तासांत सगळं बसतं. तुम्हाला ख्यालाची ओढ असेल तर यादीत ‘रागम-तानम-पल्लवी’ असा उल्लेख असलेला कार्यक्रम निवडा, तिथे राग सावकाश फुलतो.

आणि ओळखीचं पुष्कळ भेटतं. मोहनम म्हणजे आपला भूप, हिंदोळम म्हणजे मालकंस, शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा, कल्याणी यमनच्या घरातली. तोडी मात्र फसवी: त्यांच्या तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे, आणि आपल्या तोडीचे स्वर सापडतात त्यांच्या शुभपंतुवराळीत. हंसध्वनी तर आपण त्यांच्याकडूनच घेतलाय. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या वडिलांनी, रामस्वामी दीक्षितरांनी तो रचला, आणि उत्तरेकडे रुजवण्यात भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँचा मोठा वाटा. आईंना रेडिओवरच्या गाण्यांचा कान असेल तर हा ओळखायचा खेळ त्या तुमच्याआधी जिंकतील.

लेकीसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे तनी आवर्तनम, ते तालवाद्यांचं स्वतंत्र वादन. तिथली जुनी खोड अशी, की तनी सुरू झाली रे झाली की अर्धं सभागृह कॉफीला उठतं. बिचारा मृदंगवाला तासभर दुसऱ्याला साथ करून आता कुठे स्वतःचं बोलायला लागलेला असतो आणि समोर पाठी दिसतात. तुम्ही उठू नका. मृदंगाच्या उजव्या तोंडाला तबल्यासारखीच शाई असते आणि डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओला रव्याचा गोळा लावतात, आपल्या पखवाजाला कणीक लावतात तसा. कार्यक्रम संपला की तो खरवडून काढतात. लेकीला हे बघायचं असेल तर दहा मिनिटं आधी जाऊन पुढे बसा. सोबत घटम असेल तर बहारच. तो मातीचा घडा मानामदुरै गावचा नावाजलेला आहे, आणि झाकीर हुसेनांबरोबर ‘शक्ती’ या वाद्यवृंदात विक्कू विनायकराम हेच वाद्य वाजवायचे.

ताल कसा धरायचा तेही तिला शिकवून ठेवा, म्हणजे दोन तास जागेवर बसेल. आदि ताल आठ मोजणीचा: एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं, मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. आजूबाजूला सगळे मांडीवर हेच करत असतात. शेवटी कोर्वै नावाची लांबलचक बांधणी तीनदा वाजवून समेवर किंवा गाण्याच्या उठावावर येतात. तिहाई मोजता येणाऱ्या पोरीला हे कळायला वेळ लागणार नाही. तिच्या गुरुजींना आधी विचारलंत तर तेही दोन गोष्टी सांगतील.

आईंसाठी मी शास्त्रीय कचेरीपेक्षा वेगळं सुचवेन: यादीत हरिकथा किंवा नामसंकीर्तन कुठे आहे ते शोधा. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं हे आपण शाळेत वाचतो आणि विसरतो, पण तिथल्या गाण्यात ते अजून जिवंत आहे. तिथल्या तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या सरफोजींच्या काळात दरबारात पाश्चात्त्य वाद्यांची आवड होती. व्हायोलिन कर्नाटक संगीतात येण्याची सुरुवातही त्याच सुमाराची, आणि ते आणणाऱ्यांत मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांचं नाव अग्रभागी येतं. आज साथीला हार्मोनियम नसते, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून वाजवणारा साथीदार असतो. पुढे मराठी कीर्तनकार तिकडे जायला लागले, त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवा घाट दिला. म्हणून तिथल्या कथेत आजही साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हीच नावं ऐकू येतात. भजनाच्या परंपरेतही नामदेव-तुकाराम आहेतच. कचेरीच्या शेवटी अभंग गायची प्रथाही आता चांगलीच रुळली आहे. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांचा त्यात मोठा हात. त्यांना 2018 साली अकॅडमीनं ‘संगीत कलानिधी’ हा आपला मानाचा पुरस्कार दिला. उच्चार थोडे तमिळ वळणाचे असतात, पण ‘विठ्ठल’ म्हटल्यावर सगळं सभागृह टाळ्या धरतं, तेव्हा आईंना पंढरपूर लांब वाटणार नाही.

ही वाट आपल्याकडच्या गवयांनीही तुडवलेली आहे. संगीतशास्त्रकार भातखंडे 1904 मध्ये दक्षिणेत फिरून तिथले विद्वान सुब्बराम दीक्षितर यांना भेटले आणि तिथली 72 मेळकर्त्यांची (म्हणजे मूळ स्वरसप्तकांची) मांडणी अभ्यासून पुढे आपल्या दहा थाटांकडे गेले. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब कर्नाटक संगीतावर इतके लुब्ध, की तिथले संतकवी-रचनाकार त्यागराज यांची खरहरप्रिया रागातली कृती त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवली. 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असता वाटेत सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर त्यांचा अंत झाला. चेन्नईहून चेंगलपट्टूकडे जाणारी लोकल आजही त्या स्टेशनावर थांबते.

गाण्याशिवाय काय, हेही विचारलंत. एग्मोरचं सरकारी संग्रहालय (1851 चं) चोळांच्या ब्राँझ मूर्तींसाठी पाहाच, बाकीची दालनं वगळली तरी चालतील. शुक्रवारी बंद असतं. अण्णा सालैवर हिगिनबॉथम्स हे 1844 पासूनचं पुस्तकांचं दुकान आहे आणि त्याच रस्त्यावर म्युझी म्युझिकल हे वाद्यांचं जुनं दुकान. पाऊस असेल तर दोन्हींत मिळून अर्धा दिवस सहज जातो. तिरुवान्मियूरचं कलाक्षेत्र छान आहे, पण आवार मोठं आणि चालणं खूप, आईंना झेपणार नाही. तिथल्या सभागृहात संध्याकाळी नृत्य असेल तर मात्र थेट दारापर्यंत गाडी करून जा. सिनेमाचं म्हणाल तर एखाद्या जुन्या एकपडदा थिएटरात इळैयराजांच्या संगीताचा सिनेमा लागला असेल तर बघा. तिथे प्रेक्षक गाण्यांना जी दाद देतात ती अकॅडमीत मिळत नाही.

थोडं व्यवहाराचं. राहायला मैलापूर, रायपेट्टा किंवा आळ्वारपेटमध्ये बघा. अकॅडमी आणि नारद गान सभा दोन्ही टीटीके रोडवर आहेत. मोठ्या नावांची संध्याकाळची तिकिटं आधीच संपतात, पण अकॅडमीत काही तिकिटं त्या-त्या दिवशी मिळतात, त्यासाठी सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं. हे काम तुम्ही करा, आईंना नंतर आणा. तिकीट खालच्या मजल्यावरचंच मागा, बाल्कनी स्वस्त असली तरी जिने आहेत. शाल घ्या, एसी फार कडक असतो. गाणं चालू असताना आत-बाहेर करू नका, मोबाइल वर धरून चित्रीकरण तर मुळीच नाही. लोक ओरडत नाहीत, नुसते वळून बघतात, ते जास्त लागतं. रोजचे कार्यक्रम ‘हिंदू’ दैनिकात छापून येतात. तुमच्या तारखा पक्क्या झाल्या आणि सभांच्या याद्या लागल्या की इथे टाका. कुठल्या दुपारी कोण आहे ते पाहून चार दिवसांचं वेळापत्रक लावून देतो, कँटीनसकट.