सोसायटीच्या गाळ्यात बिअर शॉपी येतेय. परवाना कोण देतं आणि हरकत कुठे घ्यायची?

तुम्ही विचारलंय की इमारतीखालच्या गाळ्यात बिअर शॉपी येणार असं कळलंय, तर हा परवाना नक्की देतं कोण आणि रहिवाशांच्या हातात काही आहे का. मी या परवान्यांच्या फायली तयार करून देतो, म्हणजे खरं तर समोरच्या पार्टीचा माणूस. तरी सांगतो.

आधी वॉर्ड ऑफिस आणि पोलीस चौकीचे हेलपाटे थांबवा. अर्ज जातो राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे आणि परवान्यावर सही असते जिल्हाधिकाऱ्यांची. तुमची लेखी हरकत या दोन टेबलांवर पोचली पाहिजे, पोच घेऊन.

आपल्याकडे दारूविक्री चालते ती दारूबंदीच्या कायद्याखाली, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम सरसकट बंदी घालतो आणि परवाना हा त्यातला अपवाद. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात 1994 मध्ये सांगितलं. पण म्हणून अधिकारी मनाला येईल तसा अर्ज फेटाळू शकत नाही. नियमात बसणारा अर्ज अडवायचा तर कारणही नियमातलंच लागतं. 'परिसराचं वातावरण बिघडेल' अशी पानभर सह्यांची निवेदनं फायलीला लागतात आणि तिथेच राहतात. त्यात हा विभाग एका हाताने बंदी राबवतो आणि दुसऱ्या हाताने तिजोरी भरतो. दारू जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे राज्याला तो महसूल सोडवत नाही, हेही ध्यानात ठेवा.

वाइन शॉपचा परवाना एफएल-2, परमिट रूमचा एफएल-3, बिअर शॉपीचा एफएलबीआर-2. वाइन शॉपचे नवे परवाने 1970 च्या दशकापासून जवळजवळ बंदच आहेत. नवीन दिसणारं दुकान म्हणजे बहुतेक वेळा जुनाच परवाना नावावर करून किंवा स्थलांतर करून आणलेला असतो, म्हणून त्या कागदाला सोन्याचा भाव. बिअर शॉपीचं तसं नाही, तिचे नवे परवाने निघतात.

खरी मेख स्थळपाहणीत. निरीक्षक किंवा दुय्यम निरीक्षक येतात, जवान, म्हणजे विभागाचा शिपाई, टेपचं दुसरं टोक धरतो, पंचनामा होतो. शाळा किंवा प्रार्थनास्थळापासून महापालिका हद्दीत 75 मीटर अंतर लागतं, लहान गावांत 100. हे मोजमाप नकाशावरच्या सरळ रेघेनं होत नाही. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, माणूस पायी ज्या जवळच्या वाटेनं जाईल त्या वाटेनं, समोरच्या संस्थेच्या सर्वांत जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत टेप धरतात. त्यामुळे अंतर कमी पडलं की गाळ्याचं दार दुसऱ्या बाजूला काढणारे महाभाग मी पाहिलेत. तुम्ही पंचनाम्याची प्रत माहिती अधिकारात मागा आणि शाळेचं मागचं फाटक त्यात धरलंय का ते बघा. कोपऱ्यावरची घुमटी मोजायला जाऊ नका, देवस्थानाचा ट्रस्ट नोंदणीकृत असावा लागतो. खासगी कोचिंग क्लासही शाळा म्हणून धरत नाहीत.

तुमच्या बाबतीत त्याहून मोठं हत्यार आहे ते सोसायटीच्या ना-हरकतीचं. मार्च 2025 मध्ये अजित पवारांनी, उत्पादन शुल्क खातं त्यांच्याकडे असताना, विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारात बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची एनओसी लागेल. म्हणून आजच सचिवांना विचारा, पत्र दिलंय का आणि कुठल्या सभेच्या ठरावावर. गाळेमालकच कमिटीत असेल तर इतिवृत्त स्वतः वाचा. सर्वसाधारण सभा बोलावून नकाराचा ठराव करा आणि त्याची प्रत अधीक्षकांना द्या. हा एक कागद शंभर सह्यांना भारी आहे.

दुकान झालंच, तरी विषय संपत नाही. परवाना 31 मार्चपर्यंतचा असतो, दरवर्षी नूतनीकरण. काउंटरवरच्या पोराचा नोकरनामा, म्हणजे त्याला विक्रीला ठेवल्याची विभागाची परवानगी, हवा, साठा नोंदवहीशी जुळायला हवा, 21 वर्षांखालच्याला बिअर द्यायची नाही, ड्राय डेला शटर खाली. आणि बिअर शॉपीत विक्री फक्त सीलबंद. दुकानासमोर उभं राहून पिणं चालू असेल तर तारीख-वेळेसह फोटो काढून अधीक्षकांकडे तक्रार करा, नुसतं पोलिसांना फोन करून भागत नाही. तक्रारींवर प्रकरण नोंदलं गेलं तर कलम 54 खाली जिल्हाधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. त्यांच्या आदेशाविरुद्ध दुकानदार आयुक्तांकडे अपिलात जाईल, तेव्हा तुमच्या तक्रारींच्या पोचपावत्या हाताशी असू द्या.