फिरंगी म्हणजे नेमका कोण?

प्रश्न असा आलाय: ऑफिसात जर्मनीहून एक जण आलाय, त्याच्या मागे सगळे त्याला 'फिरंगी' म्हणतात, तर हा शब्द 'फॉरेन'वरून आलाय का, आणि तो अपमानकारक आहे का.

फॉरेनवरून नाही. हे फॉरेन-फिरंगी प्रकरण व्हॉट्सॅपवर महिन्याआड कुणीतरी ढकलतंच, आणि वर "फिरणारे रंगीत लोक म्हणून फिरंगी" असलं काहीतरी जोडलेलं असतं. फॉरेनचं मूळ लॅटिनमध्ये दार या अर्थाच्या शब्दात आहे, म्हणजे दाराबाहेरचा तो फॉरेन, आणि तो शब्द आपल्या संस्कृत द्वारचा लांबचा भाऊ लागतो. फिरंगीशी त्याचा काही संबंध नाही.

फिरंगी आला 'फ्रँक'वरून. ऱ्हाईन नदीकाठची ही एक जर्मानिक टोळी, पुढे तिने आजच्या फ्रान्सचा बराच मुलूख घेतला आणि त्या देशाला नावही तिचंच पडलं. 1096 नंतर क्रुसेडवाले, म्हणजे जेरुसलेमसाठी लढायला निघालेले ख्रिस्ती, पूर्वेकडे उतरले तेव्हा अरबांनी झाडून सगळ्या पश्चिम युरोपियनांना फ्रँकच म्हणून टाकलं. आता अरबीत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही आणि ग चा ज होतो, म्हणून 'इफ्रंज', फारसीत 'फरंग', आणि आपल्याकडे फिरंग. आपल्यालाही फ्र नीट जमत नाहीच, फ्रीजचा फिरीज करणारे आपणच. हाच शब्द थायलंडात 'फरांग' झाला, तिथे पेरूलाही फरांग म्हणतात. कन्नडात पपईला 'परंगी हण्णू', तमिळमध्ये लाल भोपळा 'परंगिक्काय'. गलबतातून काय काय उतरलं त्याची यादीच आहे ही. रोगसुद्धा उतरला, सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात उपदंशासारखा रोग 'फिरंग' नावाने आहे आणि त्यावर चोपचिनी ही औषधी मुळी सांगितलीय.

बरं, तुमचा जर्मन माणूस फ्रँकफुर्टचा असेल तर गंमतच, कारण फ्रँकफुर्ट म्हणजे फ्रँकांचा नदी ओलांडायचा उतार. भूतलावर कुणाला फिरंगी म्हणणं रास्त असेल तर त्याला.

पण माझं डोकं खरं फिरतं ते ऐतिहासिक मालिका बघताना. सुरतेचा इंग्रज फिरंगी, राजापूरचा इंग्रज फिरंगी, गोरी कातडी दिसली की फिरंगी. हा हिंदी सिनेमाचा प्रसाद आहे. उत्तरेत 1857 मध्ये इंग्रजाला फिरंगी म्हणत होते, तिकडे ते बरोबरच. शिवकाळातल्या मराठी कागदात फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, आणि वसईकडचा त्यांचा मुलूख म्हणजे फिरंगाण. सगळ्या गोऱ्यांना मिळून शब्द हवा असेल तर आपला खास शब्द होता, टोपीकर. काय सुंदर शब्द आहे! धर्म नाही, रंग नाही, डोक्यावर काय घालतो ते बघितलं आणि नाव ठेवलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या राज्यकारभारावरच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे) अशी टोपीकरांची ओळच आहे, हे सावकार दिसतात पण इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे राजे आहेत, यांना खाडीकाठी समुद्रकाठी जागा देऊ नका असा इशारा आहे.

आता ती ओळ नीट बघा. फिरंगी आणि फरासीस एकाच ओळीत, दोन वेगळे लोक म्हणून. दोन्ही शब्दांच्या पोटात तोच फ्रँक! ज्यांचा फ्रँकांशी काडीचा संबंध नाही ते पोर्तुगीज फिरंगी ठरले, कारण 1498 ला ते आधी येऊन पोचले, आणि ज्यांच्या देशाचं नावच फ्रँकांचं ते फ्रेंच मागून आले म्हणून त्यांना दुसरं नाव शोधावं लागलं. नाव पहिल्या आलेल्याला मिळतं, हक्काच्या माणसाला नाही.

आणि बाकीची नावं कुणी पुरवली? माझं म्हणणं, फिरंग्यांनीच. पोर्तुगीजमध्ये डेन्मार्क म्हणजे 'दिनामार्का', तिथून सरळ डिंगमार, नाहीतर डेन चा डिं कुठून येणार. 'इंग्लेस'चा इंग्रज, 'ओलांदेस'चा वलंदेज, दोन्हीकडे शेवटी ज. हॉलंडमधला ह पोर्तुगीज लोक लिहितात पण बोलत नाहीत, म्हणून शब्द ओ ने सुरू होतो, आणि ओ ने सुरू होणारा शब्द मराठी माणसाच्या तोंडात पडला की काय होतं? ओळखचं वळख, ओढ्याचा वढा, ओट्याचा वटा. तसाच ओलांदेजचा वलंदेज. यावर फारसीवाले लगेच उठतात की फारसी कागदातही वलंदेज आहे म्हणजे तो तिकडूनच आला. यांना मराठीत काहीही सापडलं तरी ते इराणातून आलेलं असतं. अहो, टोपीकर घोड्यावर बसून खैबरखिंडीतून आले नव्हते, गोवा, चौल, वसईला गलबतातून उतरले, मग त्यांची नावं आधी बंदरावरच्या माणसाला कळणार की दिल्लीच्या कारकुनाला?

हां, अपमानाचं राहिलंच. युरोपातून आलेल्या पात्याच्या सरळ तलवारीला फिरंग म्हणायचे आणि ती मिरवायचे, 1660 मध्ये शाइस्ताखानाविरुद्ध चाकण लढवणाऱ्या किल्लेदाराचं नाव फिरंगोजी नरसाळा, (त्या नावात ही तलवारच आहे असं माझं मत), तेव्हा शब्दात मुळात शिवी नाही. पण माणूस समोर असताना नाव आणि मागे फिरंगी, हे कुठल्याही शब्दाने वाईटच.

वलंदेजबद्दल मात्र मी हटणार नाही. कुणाकडे जुना मोडी कागद असेल आणि त्यात ओ ने लिहिलेला 'ओलंदेज' दिसला तर फोटो टाका, मग फारसीवाल्यांशी निवांत बोलू.