आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मोटारीने : वाचकांचे प्रश्न

कॉर्कमधील किन्सेलपासून डोनेगलमधील इनिशोवनपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटर पसरलेल्या ‘वाइल्ड अटलांटिक वे’ या किनारी मोटारमार्गाविषयी दर उन्हाळ्याआधी तेच ते प्रश्न येतात. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे शेंगेन व्हिसा आहे. तो तिथे चालतो, असे मावसभाऊ म्हणतो. (ठाणे)

उत्तर : चालत नाही. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही आणि आपले मावसभाऊ व्हिसा अधिकारी नाहीत. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येत असूनही पुष्कळ जण तिकिटे काढून झाल्यावर जागे होतात. ब्रिटनचा व्हिसा असल्यास त्यावर दोन्ही देशांत एकच व्हिसा चालू देणाऱ्या ब्रिटिश-आयरिश योजनेची नोंद आहे का, ते पाहून आयरिश दूतावासाकडून खात्री करून घ्यावी.

प्रश्न : सात दिवसांत संपूर्ण मार्ग होईल का? (नाशिक)

उत्तर : नाही. केरी किंवा क्लेअर-गॉलवे यांपैकी एकच भाग निवडावा.

प्रश्न : गाडीच्या भाड्यात विमा असताना काउंटरवर आणखी विमा घ्यायला लावतात. घ्यावा का? (पुणे)

उत्तर : भाड्यात धरलेल्या विम्यात नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा बहुधा आपल्याच खिशातून जातो, आणि रात्रभर विमानात जागलेल्या प्रवाशाला नेमकी तीच भीती घालून काउंटरवर महागडे संरक्षण विकले जाते. टायर, काचा आणि गाडीचा तळ त्यातून अनेकदा वगळलेले असतात. दगडी बांधांमधल्या अरुंद रस्त्यांवर इजा होते ती यांनाच. भारतातूनच अटी वाचाव्यात, आणि ‘क्रेडिट कार्डावर विमा फुकट असतो’ या ऐकीव माहितीवर न विसंबता आयर्लंड त्यात येते का, हे बँकेकडून लेखी घ्यावे. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून ठेवावा, कारण कायदा पर्यटकाचा भारतीय परवाना मान्य करत असला तरी कंपनी अडून बसू शकते.

प्रश्न : केरीजवळच्या स्केलिग मायकल या खडकाळ बेटाची बोट सहलीच्या शेवटच्या दिवशी मिळाली असून दुसऱ्या दिवशी डब्लिनहून विमान आहे. अ‍ॅप ऊन दाखवते. बरोबर ७१ वर्षांचे वडील आहेत. (कोल्हापूर)

उत्तर : हे नियोजन आजच बदलावे. अ‍ॅप ऊन-पाऊस सांगते, पण येथे प्रश्न लाटांचा आहे. भर अटलांटिकमध्ये शेकडो मैल दूर झालेल्या वादळाच्या लांब लाटा काही दिवसांनी या किनाऱ्यावर येतात आणि तेव्हा बोटी जिथून सुटतात त्या पोर्टमगीच्या धक्क्यावर वारा पडलेला, आकाश निरभ्र असू शकते. किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवरच्या या खडकाला बंदर नाही. लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या बोटीतून नेमका क्षण साधून दगडी पायरीवर पाऊल टाकावे लागते. त्यामुळे लख्ख उन्हात बोट रद्द होते आणि आपली मंडळी फसवणूक झाली म्हणून संतापतात. पावसाळ्यात जंजिऱ्याची होडी बंद असते, हे मात्र त्यांना बरोबर समजते. बेटावर उतरवणाऱ्या बोटी साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच असतात आणि परवाने मोजके असल्याने दुसऱ्या दिवशी जागा मिळेलच असे नाही. म्हणून बोट केरीतील मुक्कामाच्या आरंभी ठेवावी. ‘उतरण्याची हमी’ देणाऱ्या एजंटापासून चार हात दूर राहावे, कारण तो निर्णय त्या सकाळी बोटचालकच घेतो.

आता वडिलांविषयी. बेटावरच्या प्राचीन मठापर्यंत जुन्या, ओबडधोबड अशा ६१८ दगडी पायऱ्या असून बहुतेक ठिकाणी कठडा नाही. २००९ मध्ये तेथे दोन पर्यटक पडून दगावले. गुडघे, रक्तदाब, चक्कर आणि बोट लागण्यावरच्या गोळ्या यांविषयी त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे. मला विचाराल, तर बेटाला फक्त फेरी घालून येणारी बोट त्यांच्यासाठी उत्तम. त्या फेरीत शेजारच्या लिटल स्केलिग बेटावरची हजारो गॅनेट या समुद्रपक्ष्यांची वसाहतही दिसते.

प्रश्न : अरान बेटांवर भाड्याची गाडी नेता येते का? (पणजी)

उत्तर : नाही. ती बोटी सुटतात त्या रॉसाव्हीलला किंवा डूलिनला ठेवावी. त्यांतल्या इनिश मोर बेटावर सायकल, घोडागाडी आणि मिनीबस मिळतात.

प्रश्न : इनिशोवनहून जायंट्स कॉजवे जवळ आहे आणि सीमेवर कोणी अडवत नाही. जाऊन यावे का? (नागपूर)

उत्तर : कोणी अडवत नाही म्हणजे परवानगी असते, असा अर्थ होत नाही. जायंट्स कॉजवे हा षटकोनी दगडी खांबांचा किनारा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये आहे. आपला व्हिसा तेथे चालतो का, हे दूतावासाला आणि विमा सीमेपलीकडे लागू होतो का, हे गाडीच्या कंपनीला विचारल्याशिवाय जाऊ नये. गेलात, तर तिथल्या पाट्यांवरची वेगमर्यादा किलोमीटरमध्ये नव्हे, मैलांमध्ये असते.